थेंब पडेपर्यंत

कारखान्यात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे त्यांना 'वरचे' म्हणत. यात मानापानाचा काही प्रश्न नव्हता. टॉवरच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ते काम करायचे, म्हणून वरचे. "वरच्यांना विचारून घे," असं कोणी म्हटलं की नवीन लागलेला माणूस एकदा तरी साहेबांच्या केबिनकडे बघायचा, आणि जुने लोक हसून घ्यायचे.

टॉवर म्हणजे इमारतीच्या पोटात उभा केलेला लोखंडी सांगाडा. उंची चार मजली घराएवढी, आणि रुंदी म्हणाल तर जेमतेम न्हाणीघराएवढी. काम एकच: काचेच्या जाड दांड्यातून केसासारखा बारीक धागा ओढायचा. हाच धागा पुढे केबलीत जातो आणि लोकांचं बोलणं, भांडणं, फोटो, सगळं उजेडाच्या रूपात वाहून नेतो. दांडा सगळ्यात वर भट्टीत उतरवतात. ती भट्टी अशी, की लोखंड घातलं तर पाण्यासारखं वाहून जाईल. तिथं काच मऊ होते, लोंबायला लागते, आणि तिचा एक जड थेंब सुटून, मागे धागा ओढत, सरळ तळमजल्यापर्यंत खाली येतो. चमच्यावरून मध सुटतो ना, अगदी तसा. या थेंबाची वाट बघण्यात वरच्यांच्या आयुष्याचा बराच भाग गेला होता. थेंब सांगून पडत नाही. भट्टी भडकवून त्याला घाई केली तर काच फार पातळ होते आणि पुढचं सगळंच बिघडतं. म्हणून भट्टीच्या छोट्या खिडकीला काळी काच लावून, हात मागे बांधून, नुसतं बघत राहायचं.

वरच्या मजल्यावर बारा महिने उन्हाळा होता आणि तळमजल्यावर बारा महिने हिवाळा. खाली रीळ फिरायचं. तिथं धुळीचा कणही चालत नसे, म्हणून गाळलेली गार हवा सतत सोडलेली असायची. वर हे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात घाम पुसत असायचे, आणि खाली त्यांची सून स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेली असायची.

सून इथं आली त्याला कारण घडलं होतं. वरच्यांचा एकुलता एक मुलगा काही वर्षांपूर्वी गेला. ताप आला, दवाखान्यात नेला, आणि आठवड्याभरात घरात दोघंच उरली. सासूबाई तर लग्नाच्या आधीच गेलेल्या. सुनेचं माहेर असं उरलेलं नव्हतं. शास्त्र शिकलेली, हाताला चपळ अशी मुलगी दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागली, तेव्हा वरच्यांनी एक दिवस साहेबांकडे शब्द टाकला. पुढच्या महिन्यात ती तळमजल्यावर धागा लावायला शिकत होती.

घरी दोघं फार बोलत नसत. ती बटाटे परतायची, हे कांदा चिरून द्यायचे. "मीठ घातलंस?" "घातलं." "दिवा घालवू?" "घालवा." टेबलाला तीन खुर्च्या होत्या. तिसरी कोणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कोणी बसतही नसे. मुलाचं नाव निघालं तर समोरच्याच्या जिवाला लागेल, असं दोघांनाही वाटायचं. त्यामुळे दोघंही मूग गिळून जेवायची.

पण कारखान्यात मात्र गंमत होती. टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक बोलण्याचं यंत्र बसवलेलं होतं, कारण वरचं खाली दिसत नाही आणि हाक ऐकू जात नाही. काम सुरू असताना ते चालूच ठेवायचं असा नियम. त्या यंत्रावर सासरे आणि सून दिवसभर बोलायची. घरी न बोललेलं सगळं तिथं वसूल व्हायचं.

"बाबा, आज डब्याचं झाकण कसं लावलंत? उघडतच नाहीये."

"जोर लाव जरा. तरुण आहेस."

"तरुण असले म्हणून काय झालं! पाना आणू का?"

"माझ्याकडे पाठवून दे," मधूनच तिसरा आवाज यायचा. "मी उघडते आणि मीच खाते. भांडणच मिटलं."

हा आवाज मावशींचा. मावशी मधल्या मजल्यावर. धागा भट्टीतून निघतो तेव्हा असा तापलेला असतो की त्याच्यावर कशाचा लेप बसणार नाही, आणि उघडा ठेवला तर काच हवेतल्या ओलाव्यानंही चिरेल. म्हणून लेपाच्या पेल्यात शिरण्याआधी त्याला निववायचं, हे मावशींचं काम. त्यासाठी एक उभी नळी होती, दारासारखी दोन पाखांत उघडणारी. धागा मध्ये घेऊन पाखं मिटायची आणि आत हेलियम सोडायचा. साध्या हवेनं भागत नाही. उष्णता उचलून न्यायला हवा फार आळशी. हेलियम मात्र चटपटीत आहे, धाग्याची उष्णता पटकन उचलतो आणि नळीच्या पाण्यानं गार ठेवलेल्या भिंतीला देऊन टाकतो. टॉवर जुना असल्यामुळे गॅसची चावी हातानंच फिरवावी लागे. म्हणून प्रत्येक वेळी पुकारा ठरलेला होता. मावशी म्हणायच्या, "नळी मिटली." मग, "गॅस चालू." ते ऐकल्यावर खालून सून म्हणायची, "वेग वाढवते." वरून उत्तर यायचं, "वर ठीक." एकानं पुकारायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मगच हात पुढे जायचा.

आता वरच्यांच्या मनात एक काटा होता, तो सांगायला हवा. मुलगा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका संध्याकाळी जेवताना त्यांनी सुनेला म्हटलं होतं, "हे बघ, तू अजून तरुण आहेस. माझी काळजी करू नकोस. दुसरं लग्न करून टाक." विजेचं बिल भरून टाक म्हणावं, त्या चालीत. मनात माया होती, पण तोंडातून निघाली ती अशी. सुनेनं हातातला घास ताटात ठेवला.

"मी जड झाले का तुम्हाला?"

"अगं, तसं नाही…"

"मग कसं?"

कसं, ते त्यांना सांगता आलं नाही. महिनाभर ती फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होती. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, तसे वरचे त्यानंतर हा विषय दुरूनच ओळखून वळसा घालून जायचे.

अशात एक दिवस मावशींनी त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो वरचे, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवतो."

"मापाड्यानं तुमच्या सुनेला विचारलं."

"काय विचारलं?"

"किती वाजले ते! अहो, लग्नाचं विचारलं."

वरच्यांनी कठडा धरला. मापाडी म्हणजे तपासणीच्या खोलीतला माणूस. प्रत्येक रीळ त्याच्याकडे जायचं. एका टोकातून उजेड सोडून दुसऱ्या टोकाला किती पोचला ते तो मोजायचा. चाळिशीला आलेला, आईचं आजारपण काढण्यात लग्नाचं वय निघून गेलेला, आणि दोनदा मोजल्याशिवाय 'आज गरम होतंय' असंही न म्हणणारा.

"मग?" वरच्यांनी विचारलं.

"मग काय, नाही म्हणाली. 'बाबांना एकटं टाकून मी कुठं जाणार' असं मला म्हणाली. झालं. त्यानं मान हलवली आणि रीळ मोजायला घेतलं." मावशींनी पदरानं कपाळ पुसलं. "दोघंही अशी गरीब गाय, की मलाच हंबरावंसं वाटलं."

वरचे जिना चढायला लागले. खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला होता. ती जाणार नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लागलेला असणार होता. आणि दोन-चार पायऱ्या चढल्यावर, आपल्याला नेमका कशाचा आनंद झालाय, हे त्यांच्या लक्षात आलं. ते तिथंच थांबले. मागून येणारा एक जण "वाट द्या, वरचे" म्हणाला, तेव्हा भिंतीला टेकून उभे राहिले. त्याला वाटलं, गुडघे दुखत असतील.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ते तपासणीच्या खोलीत गेले.

"कालचं रीळ कसं निघालं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मापाडी गडबडून उठला. "बसा ना. रीळ चांगलं आहे. पण आधीच्यापेक्षा उजेड जरा जास्त गळतोय. भट्टीच्या खालची ती कोमट नळी नीट तापतेय ना?"

"तपासतो. एवढ्यानं फरक पडतो?"

"पडतो तर. मावशींच्या नळीत धागा झटकन गार करायचा, ते बरोबर. पण त्याच्या आधी, अगदी भट्टीच्या तोंडाशी, त्याला हळूहळू निवू द्यावं लागतं. काच तापलेली असते तेव्हा आतले कण हलत असतात, आपापली जागा शोधत असतात. तेवढ्यात गोठवलं की ते जसे असतील तसे अवघडून बसतात. वरून बघाल तर धागा अगदी सरळ, गुळगुळीत. पण आत उजेड त्यांना अडखळत जातो. लांबवर पोचेपर्यंत निम्मा संपतो." एवढं बोलून त्यालाच संकोचल्यासारखं झालं. "म्हणजे, तुम्हाला हे माहीतच असेल."

"नळी गरम ठेवायची हे माहीत होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं," वरचे म्हणाले. मग खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत, दुसरीकडे बघत म्हणाले, "तुम्ही माझ्या सुनेला विचारलंत."

मापाड्याच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

"हो. त्या नाही म्हणाल्या."

"मग आता?"

"आता काही नाही. त्या रीळ द्यायला इथं येतात, दोन शब्द बोलतात. मी पुन्हा विचारलं तर त्या दुसऱ्या कोणाच्या हातून रीळ पाठवतील. मला विचारण्याचा हक्क एकदाच होता. त्यांची वाट मी का अडवू?"

"राग नाही आला?"

मापाड्यानं बराच वेळ विचार केला. हा माणूस रागही मोजून बघतोय की काय, असं वरच्यांना वाटलं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "वाईट वाटलं. राग नाही."

वरचे उठले. दारात वळून म्हणाले, "चहा गार झाला तुमचा." आणि गेले. माणूस नापसंत करायला एखादं कारण सापडेल म्हणून ते गेले होते, आणि रिकाम्या हातानं परत आले.

पुढच्याच सकाळी नवा दांडा चढवायचा होता. वरच्यांनी तो भट्टीत उतरवला, कोमट नळीची तार घट्ट केली आणि खिडकीपाशी उभे राहिले. यंत्र चालू होतं.

"बाबा, वर ठीक?"

"वर ठीक. काच लोंबायला लागलीय. वेळ लागेल."

वरच्यांना कळत होतं, समोरासमोर आपल्याच्यानं हे होणार नाही. तिचा चेहरा पडलेला दिसला की आपली जीभ टाळ्याला चिकटणार. बोलायचं तर इथूनच.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय की."

"मावशी, तुम्ही जरा तुमचं यंत्र बंद करता का?"

"बंद केलं तर थेंब सुटला हे मला स्वप्नात कळणार का? मी कान बंद करते. तुम्ही बोला."

आता मावशींचे कान बंद होणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. पण वरच्यांनी तो नाद सोडला.

"मागे मी एकदा तुला लग्नाचं बोललो होतो. फार वाईट रीतीनं बोललो. तू जड झालीस म्हणून नाही. घरात तुला बघून मला वाटायचं, हिचं काय होणार. तेवढंच. पण ते तसं सांगताच आलं नाही. आणि आता त्या मापाड्याचं कळलं मला…"

"मावशी!" खालून सून ओरडली.

"माझे कान बंद आहेत," मावशी म्हणाल्या.

"तू नाही म्हणालीस हे कळलं, आणि…"

खिडकीत काच हलली. वरचे वाक्य सोडून ओरडले, "थेंब!"

थेंब सुटला. तीन मजल्यांवर हात आपोआप चालायला लागले. मावशींनी उघड्या नळीतून धागा जाताना पाहिला. खाली सुनेनं थेंब कापून टाकला, धागा रिळाच्या चाकावर घेतला. मावशींनी लेपाच्या पेल्यात धागा ओवला, पाखं ओढली. "नळी मिटली!"

वरच्यांना वाटलं, आता थांबलो तर हे वाक्य जन्मात पुरं होणार नाही. धागा खाली उतरत होता आणि ते बोलत राहिले.

"आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? तू माझ्यासाठी नाही म्हणालीस आणि मला बरं वाटलं. जिन्यात उभं राहून बरं वाटलं मला. मग माझीच मला लाज वाटली. मुलीचं असं कोणी चिंततं का गं? मुलगी म्हणतो ना मी तुला?"

मधल्या मजल्यावर मावशींचा हात गॅसच्या चावीवर होता. तो तिथंच राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि समोरची चावी त्यांना दिसतच नव्हती. खाली सुनेनंही पुकाऱ्याची वाट पाहिली नाही. रोजच्या सवयीनं तिनं वेगाचं बटण फिरवलं. आपण काय फिरवतोय, हे तिच्या मनाला कळलं नाही.

धागा तापलेलाच लेपात शिरला. तापलेल्या पातेल्यावर पाण्याचे थेंब नाचतात तसा लेप त्याच्यावर धरेना. गोळे-गोळे होऊन निसटायला लागला. धोक्याची घंटा वाजली आणि टक्कन आवाज होऊन धागा तुटला. रीळ रिकामंच गरगरत राहिलं.

साहेब धावत आले. हे शिफ्टचे साहेब, घाईचे पण मनानं बरे.

"काय झालं?"

"माझी चूक झाली, साहेब," मावशी मधल्या मजल्यावरूनच यंत्रावर म्हणाल्या. "गॅस सोडायचा राहिला. डोळ्यात काहीतरी गेलं."

"आणि मी गॅसचा पुकारा न ऐकताच वेग वाढवला," सून म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमच्याही डोळ्यात गेलंय वाटतं."

"वर जाऊन बघितलंत तर तिथंही गेलेलं सापडेल," मावशींचा आवाज आला.

साहेबांनी एक मोठा श्वास सोडला. "पेला साफ करा. पुन्हा थेंब पाडा."

पुन्हा थेंब म्हणजे पुन्हा वाट बघणं. मावशी पेला खरवडायला बसल्या. सुनेनं चाकावरचा कचरा काढला, साहेबांना म्हणाली, "दोन मिनिटं इथं उभे राहाल?" आणि उत्तराची वाट न बघता जिन्याकडे गेली.

ती वरच्या मजल्यावर याआधी एकदाच, पहिल्या दिवशी टॉवर बघायला म्हणून आली होती. दार उघडताच चटका बसला. तिनं एक स्वेटर काढला, मग दुसरा. वरचे खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"बाबा."

ते वळले. घाम होता म्हणून बरं. बाकीचं त्यात खपून गेलं.

"मी तुमच्यावर दया करून घरात राहिलेय, असं वाटतं का तुम्हाला?"

"मावशी म्हणाल्या, मला एकटं टाकायचं नाही म्हणून…"

"ते मी मावशींना सांगितलं. ते सांगायला सोपं होतं." ती स्वेटरची बाही हातात पिळत राहिली. "मी गेले, तर त्याच्याबद्दल बोलायला मला कोण राहील?"

"आपण कुठं बोलतो त्याच्याबद्दल?"

"तेच तर! नाही बोलत. पण रोज वाटतं, आज नाही तर उद्या बोलू. समोर बसलेल्या माणसाला तो माहीत आहे, एवढ्यावर मी जेवते. दुसऱ्या घरात गेले की तिथं त्याला ओळखणारं कोणी नाही. मला भीती वाटते, बाबा. त्याचा आवाज मी विसरत चाललेय. हसताना आधी खोकायचा की नंतर, ते परवा आठवेना."

"आधी," वरचे म्हणाले. "आधी खोकायचा. लहानपणापासून."

सुनेनं तोंडावर हात ठेवला.

"मी त्याचं नाव काढत नव्हतो," वरचे हळूच म्हणाले, "तुला त्रास होईल म्हणून."

"आणि मी काढत नव्हते, तुम्हाला होईल म्हणून."

"आणि इथं मी लेप खरवडता खरवडता रडतेय, त्याचं कोणालाच काही नाही," भिंतीतून मावशी म्हणाल्या.

सून रडता रडता हसली. वरच्यांनी जाड हातमोजे काढले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तापलेला, खरखरीत हात.

"तू जा किंवा राहा. सावकाश ठरव, कोणाला काही घाई नाही. त्या माणसालाही नाही, मी विचारून आलोय. पण एक ध्यानात ठेव. तू कुठल्याही घरी असलीस तरी त्याच्याबद्दल बोलायला मी येईन. तू बोलावलंस तर येईनच, न बोलावता…"

काच हलली.

"थेंब!" वरचे ओरडले.

"अगं बाई!" मावशी ओरडल्या. "खाली कोण आहे?"

सून जिन्यावरून धडाधडा धावत सुटली. थेंब तिच्या किती तरी आधी पोचला. ती खाली आली तेव्हा एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात धाग्याचं टोक धरून साहेब अवघडून उभे होते.

"मॅनेजर झाल्यापासून हे काम केलं नव्हतं," ते म्हणाले. "आता हा धागा घेता का कोणी, की असाच घरी नेऊ?"

या वेळी सगळे पुकारे झाले. नळी मिटली. गॅस चालू. वेग वाढवते. वर ठीक. मावशींनी 'गॅस चालू' इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या टॉवरवाल्यांनीही आपली चावी तपासली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना पहिल्यांदा त्याचं नाव निघालं. फार काही नाही, त्याला दोडका कधीच आवडला नाही, एवढंच. मग दोघंही गप्प झाली. पण ते गप्प बसणं नेहमीसारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं निघालं. एकदा वरच्यांना बोलता बोलता उठून जावं लागलं, एकदा ती उठून गेली. हळूहळू उठून जाणं कमी झालं.

बरेच महिने गेले. सून रीळ घेऊन तपासणीच्या खोलीत जात राहिली, मापाडी मोजत राहिला. मग एक दिवस तिनंच त्याला विचारलं. काय विचारलं, ते मावशींनाही शेवटपर्यंत कळलं नाही, आणि याचं दुःख त्यांना अजून आहे.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. सही करायला वरचे होते आणि मावशी होत्या. बाहेर पायऱ्यांवर मावशींनी वरच्यांना कोपरानं ढोसलं. "सुनेचा नवरा म्हणजे तुमचा कोण हो लागतो? सांगा बघू!" वरच्यांनी विचार केला. "मापाडी," ते म्हणाले.

नंतरचे आठवडे सोपे गेले असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी घर खायला उठायचं. हात सवयीनं दोघांपुरते बटाटे सोलायचा, आणि ते सगळे त्यांनाच संपवावे लागायचे. एकदा तर दिवा न लावता ते बराच वेळ अंधारात बसून राहिले. पण दिवसा यंत्रावर तिचा आवाज होता, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे जेवायला जायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. एकदा 'लग्न करून टाक' म्हणून ते पोळले होते, पण या 'टाकलं'ला त्यांची हरकत नव्हती.

अशाच एका सुट्टीला तिघं जेवायला बसली होती. बाहेर कोणाची तरी सायकल कुरकुरत गेली, आणि सुनेला आठवलं.

"तो सायकल शिकला ना, तेव्हा त्याला थांबवायची कशी तेच माहीत नव्हतं. अंगणात गोल गोल फिरत राहिला, बाबा कामावरून येईपर्यंत. दोन तास!"

"दोन तास कसले!" वरचे म्हणाले. "तुला दोन तास सांगितले होय त्यानं? अर्धा तास असेल फार तर."

"मला तर दोन तास म्हणाला होता."

"त्याला सांगायला काय जातंय! आणि रडत होता, ते सांगितलं का? गाणं म्हणत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम. शेजारी सगळे कुंपणापाशी उभे. कोणाची पुढे व्हायची हिंमत नाही."

मापाड्याचा घास हातातच राहिला होता. "मग?" त्यानं विचारलं. "उतरवलं कसं त्याला?"

वरच्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती टेबलावर हनुवटी टेकून, डोळे मोठे करून वाट बघत होती. हा भाग तिनंही ऐकलेला नव्हता.

"थांब, नीट सांगतो," वरचे म्हणाले, आणि ताट बाजूला सारून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.